जालन्याहून सतत प्रवास? गेमिंग लॅपटॉप घेताना आधी चार्जर बघा
जालन्याहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला निघताना लॅपटॉप घरीच पूर्ण चार्ज करा. रेल्वेच्या नियमानुसार डब्यातले चार्जिंग पॉइंट रात्री ११ ते पहाटे ५ बंद असतात.

खरेदीआधी काय पाहाल?

वजन : चार्जरसह मोजा. गेमिंग लॅपटॉपचा चार्जरच अर्ध्या किलोच्या आसपास भरतो.

टाइप-सी चार्जिंग : ही सोय असेल तर ६५ ते १०० वॅटच्या छोट्या चार्जरवर अभ्यास, ऑफिसचे काम भागते. गेमसाठी मात्र मूळ चार्जरच लागतो.

रॅम : १६ जीबी परवडत नसेल तर ८ जीबी घ्या, पण दुसरा स्लॉट रिकामा आहे ना, हे दुकानातच विचारा.

सेटिंग : प्रवासात स्क्रीन ६० हर्ट्झवर ठेवा. घरी चार्जर लावून खेळताना चार्जिंगची मर्यादा ८० टक्के करा. बॅटरी जास्त वर्षे टिकते.