पसंतीक्रमाची यादी : काय ठेवावे, काय वगळावे

बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले, की धाराशिव, तुळजापूर, कळंब, भूम, परंड्यातील आपल्या घरांत दुकान वाढवल्यानंतरच्या बोलण्याला एकच विषय उरतो. पुण्याचे मामा दोन नावे सुचवतात, मुंबईची आत्या चार. क्लासचे सर आणखी दहा सांगतात आणि वहीतील यादी पानोपानी वाढत जाते. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत तर ३०० पर्यंत पसंतीक्रम भरता येतात. ही मोकळीक मोठी आहे. म्हणूनच विवेकाची गरजही मोठी आहे.

२०२५-२६ पासून या प्रक्रियेत चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, तर ती स्वीकारावीच लागते. दुसऱ्या फेरीत हेच बंधन पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना लागू होते. त्यामुळे वरची सहा नावे प्रतिष्ठेपोटी किंवा कोणाच्या आग्रहाखातर लिहिण्याची नाहीत.

पहिली चाळणी : तिथे खरोखर जाणार का?

यादीतील प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारावा : उद्या हीच जागा मिळाली, तर बॅग भरून निघणार का? उत्तर ‘नाही’ असेल, तर नाव खोडावे. यादी लांब असण्यात दोष नाही. वरच्या पसंतीपासून खाली येत, गुणवत्तेत बसणारी पहिली जागा विद्यार्थ्याला मिळते. दोष आहे तो नको असलेली नावे भरतीला ठेवण्यात. मात्र खात्रीने मिळतील अशी काही महाविद्यालये शेवटी असावीतच. केवळ मोठ्या नावांची आखूड यादी रिकाम्या हातांनी परत पाठवू शकते.

दुसरी चाळणी : आकडा कोणत्या रकान्यातील?

मागील वर्षाचा कटऑफ पाहताना शाखा, प्रवर्ग आणि फेरी तपासावी. जिथे गृह विद्यापीठ आणि बाहेरील विद्यापीठ अशी विभागणी असते, तिथे रकाना चुकू नये. आपला जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो. सोलापूर कितीही जवळचे वाटले, तरी त्याचे विद्यापीठ २००४ पासून स्वतंत्र आहे. पुण्याच्या मित्राला लागू पडणारा आकडा धाराशिवच्या विद्यार्थ्याला लागू पडेलच असे नाही.

तिसरी चाळणी : चार वर्षांचा हिशेब

आपण मालाचा भाव पाहताना हमाली-भाडे धरतो. तसे शिक्षण शुल्काबरोबर वसतिगृह, मेस आणि प्रवास धरावा. जैन समाजाला केंद्र शासनाने २७ जानेवारी २०१४ रोजी अल्पसंख्याक दर्जा दिला. जैन अल्पसंख्याक संस्थांत समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी जागा राखीव असतात. त्यासाठीचे घोषणापत्र व दाखल्यावरील धर्माची नोंद आधीच तपासावी. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकात बसणाऱ्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना २०२४-२५ पासून केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशांत शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. त्यामुळे ‘परवडत नाही’ म्हणून एखादे नाव खोडण्यापूर्वी हा हिशेब नव्याने मांडावा.

राहणे-जेवणे हाही हिशेबाचाच भाग आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल का, कंदमूळ वर्ज्य असलेली मेस जवळ आहे का, हे संकोच न करता विचारावे. समाजाने शंभर वर्षांपूर्वीपासून वसतिगृहे उभारली ती याच गरजेतून. मुंबईचे श्री महावीर जैन विद्यालय हे त्याचे ठळक उदाहरण. अशा वसतिगृहांचे अर्ज स्वतंत्र असतात. महाविद्यालय ठरेपर्यंत थांबल्यास जागा हुकते.

न बोललेली चाळणी

खरी अडचण वहीत लिहिलेली नसते, ती मनात असते. ‘मुलाने शेवटी गादीवरच बसावे’, ‘मुलीला फार लांब नको’ : वडीलधाऱ्यांच्या या अटी बोलल्या जात नाहीत आणि अर्जाच्या शेवटच्या रात्री अचानक पुढे येतात. मुलाला चांगले महाविद्यालय आणि मुलीला जवळचे, असा दुहेरी तराजू आपल्या किती घरांत आहे, हे ज्याने त्याने तपासावे. दुकानात माप एक असते; घरातही ते एकच असावे.

मुलाने दुकान सांभाळावे अशी इच्छा असेल, तर ती स्पष्ट सांगावी आणि त्याचे उत्तरही ऐकावे. त्याला वाणिज्यच हवे असेल, तर मार्ग आहेत. बीबीए, बीएमएससाठी २०२४ पासून राज्याची स्वतंत्र सीईटी आहे. सीए व्हायचे असेल, तर मोठ्या नावाच्या महाविद्यालयापेक्षा अभ्यासाला वेळ आणि चांगली आर्टिकलशिप अधिक उपयोगी ठरते.

परिग्रह-परिमाण व्रतात मर्यादा आधी ठरते, वस्तू नंतर येते. इथेही तोच क्रम ठेवावा. अर्ज भरण्याच्या आठवडाभर आधी सर्वांनी एकत्र बसावे. खर्च किती, अंतर किती, शाखा महत्त्वाची की महाविद्यालय, हे ठरवून कागदावर लिहावे आणि मगच नावांकडे वळावे. वडिलांनी खर्चाची मर्यादा सांगावी. पसंतीचा क्रम मात्र ज्याला शिकायचे आहे, त्याच्या हातानेच लिहिला जावा. पुढची चार वर्षे तिथे राहणार आहे तो किंवा ती.