पार आणि पार्क

‘रोज फिरायला जात जा,’ हा सल्ला आम्ही डॉक्टर मंडळी येता-जाता देतो. कुठे जाल, कुणाबरोबर जाल, हे मात्र क्वचितच विचारतो. सल्ला पाळला जात नाही, त्याचे एक कारण इथेच आहे.

मुळशी तालुक्यातील माणचे उदाहरण घ्या. हिंजवडीचे आयटी पार्क वाढत वाढत माणच्या शिवारात आले. गावच्या आजोबांच्या मनात हिरवाई म्हणजे झाडाखालचा पार. तिथे बसायचे, चौघांची खबरबात घ्यायची. दिवसभर उन्हात राबलेल्या बांधकाम मजुराला धावण्याचा ट्रॅक कशाला? त्याला सावलीत पाठ टेकायची असते. सोसायटीतल्या संगणक अभियंत्याला मात्र दिवसभर बसून आखडलेले अंग मोकळे करायचे असते. तिघांचेही बरोबरच आहे.

हे केवळ आपल्याकडेच नाही. शिकागोच्या लिंकन पार्कचा पॉल गॉब्स्टर यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. गोरे लोक तिथे जास्त करून चालायला, धावायला येत. इतर समाजांतील कुटुंबे मोठ्या घोळक्याने येऊन बसत, खात-पीत, गप्पा मारत. बाग एकच, पण जो तो आपल्या सवयीने ती वापरत होता.

नुसते झाडाखाली बसूनही फायदा होतो का? रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये दाखवले, की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण, समोर भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. अर्थात, बैठे काम करणाऱ्यांना चालण्याला पर्याय नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास.

तेव्हा वाचकहो, आपल्याला रुचेल ती जागा निवडा. एकटे जाणे नको वाटत असेल तर शेजारणीला हाक मारा. आजोबांनी पारापर्यंत चालत जावे, घटकाभर बसावे, चालतच परतावे. उन्हाची वेळ टाळावी.

आणि बाग आखणाऱ्यांनी नुसती हिरवळ व ट्रॅक करून थांबू नये. सावलीचे झाड, त्याभोवती पार, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि संध्याकाळी दिवा एवढे असावेच. आखणीपूर्वी गावातल्या आजीला आणि मजुराच्या बायकोलाही विचारावे. ज्या बागेत आपल्याला कुणी परके समजत नाही, तिथेच माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. आणि प्रकृतीला गुण येतो तो या रोजच्या जाण्यानेच.