अठरानंतरचा अर्ज
स्वमग्न मुलगा १८ वर्षांचा झाला की कागदपत्रं नव्याने पाहावी लागतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आधी यूडीआयडी पोर्टलवर अर्ज, मग जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर, म्हणून तपासणीची तारीख पक्की करूनच एसटी धरा. स्वमग्नता क्ष-किरणात दिसत नाही. ‘आयसा’ या भारतीय मापनश्रेणीवर वागणं, बोलणं, संवेदना जोखून दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरते. डॉक्टरांसमोर तो शहाण्यासारखा बसला की घरचे खूश, आणि नेमके तिथेच टक्के घटू शकतात! रोज कशाकशात मदत लागते ते लिहूनच न्या. ४० टक्के भरले, तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. उत्पन्नाची अट मात्र आडवी येते. व्यवहार त्याला झेपत नसतील, तर राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे वेगळा अर्ज.