जुनीं इंजिनें आणि नवें पेट्रोल

मनुष्य घरांतील जुनें घड्याळ दुरुस्त करून भिंतीवर लावतो, तेव्हां त्या घड्याळाला नव्या काळाशीं कसलीहि तडजोड करावी लागत नाहीं. पूर्वींचा तास साठ मिनिटांचा होता, आजचाहि साठ मिनिटांचाच आहे. जुन्या मोटारीचें मात्र तसें नाहीं. तिचा सांगाडा, रंग व बैठकी हुबेहूब पूर्ववत् केल्या, तरी ज्या पेट्रोलासाठीं तिचें इंजिन घडविलें होतें, तें पेट्रोल आतां रस्त्यावरच्या पंपावर मिळत नाहीं. अमेरिकेंतील ‘मसल कार’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या मोटारींच्या बाबतींत ही अडचण फार ठळकपणें दिसून येते.

१९६४ ते १९७२ या सुमारास या मोटारींचा तेथें बहर होता. मध्यम आकाराच्या गाडींत मोठ्या गाडीचें आठ सिलिंडरांचें इंजिन बसवावयाचें, हें त्यांचें मर्म. १९६४ च्या पाँटिअ‍ॅक जी. टी. ओ. गाडीचें ३८९ घन इंचांचें इंजिन ३२५ अश्वशक्तीचें होतें. तीन कार्बुरेटर जोडले कीं हाच आंकडा ३४८ होई. १९७० च्या शेव्हरोले शेव्हेल गाडीच्या ४५४ घन इंचांच्या एल. एस. ६ इंजिनाची शक्ति ४५० सांगितली जाई. अशा गाड्या हौशी लोक आज मोठ्या कष्टानें पुन्हा उभ्या करतात.

एवढ्या शक्तीचें मूळ दाबांत आहे. शेव्हेलच्या या इंजिनांत दट्ट्या वर येतांना हवा व पेट्रोल यांचें सव्वाअकरा भाग मिश्रण एका भागांत कोंबीत असे. दाब वाढला कीं शक्ति वाढते. पण मिश्रणहि तापतें, आणि ठिणगीची ज्योत पोंचण्यापूर्वींच कोपऱ्यांतील मिश्रण एकदम भडकतें. हातोडीनें ठोकल्यासारखा जो आवाज येतो, तें ‘नॉकिंग’. तें चालूं ठेवल्यास दट्ट्याला भोंकहि पडतें. १९२१ सालीं थॉमस मिजली यांना आढळलें कीं, शिशाचें एक संयुग पेट्रोलांत घातल्यास नॉकिंग थांबतें. हेंच शिसें व्हॉल्व्हच्या बैठकींची झीजहि रोखी. परंतु तें धुराबरोबर हवेंत आणि मुलांच्या रक्तांत जाई. १ जानेवारी १९९६ पासून अमेरिकेंत रस्त्यावरील मोटारींना तें पेट्रोल बंद झालें. याबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं. इंजिन उघडलेंच आहे, तर धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हना कठीण धातूच्या बैठकी बसवून घ्याव्या, म्हणजे तें काम पुरें होतें.

जुन्या पुस्तकांत ९८ किंवा १०० ऑक्टेनचें पेट्रोल सांगितलेलें असतें आणि अमेरिकेंतील पंपावर ९१ किंवा ९३ हा अंक दिसतो, म्हणून पुष्कळ जण घाबरतात. पण दोन्हींची मोजण्याची रीत निराळी आहे. पंपावरचा अंक दोन रीतींची सरासरी असल्यामुळें चार-पांच अंकांनीं कमी दिसतो. तरीहि दाब दहापटींच्या वर गेला, कीं ठिणगीची वेळ थोडी मागें घेणें किंवा दट्ट्ये बदलून दाब उतरविणें इष्ट ठरतें.

याहून मोठा फरक इथेनॉलचा आहे. अमेरिकेंतील पेट्रोलांत बहुधा शेंकडा दहा भाग मक्याचें इथेनॉल असतें. तें हवेंतील ओलावा ओढून घेतें, म्हणून उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी आंतून गंजते. त्याच्या अंगींच प्राणवायु असल्यामुळें पेट्रोलाच्या मानानें हवा अधिक होते. त्यासाठीं कार्बुरेटरचें जेट थोडें मोठें घालावें लागतें. आणि जुन्या जातीचें रबर त्यानें फुगून चिरतें. हा शेवटचा परिणाम जिवावर बेतणारा आहे. चिरलेल्या नळींतून थेंब तापलेल्या इंजिनावर पडला, तर कित्येक वर्षांचे श्रम पांच मिनिटांत जळून जातात. म्हणून टाकीपासून कार्बुरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी व पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा घालावा. येथें मूळ वस्तूचा मोह धरूं नये. उसापासून केलेलें इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल भरणाऱ्या महाराष्ट्रांतील जुन्या फटफटीवाल्यांनाहि ही गोष्ट लागू आहे.

कार्बुरेटर काढून इंजेक्शन बसवावें काय, असाहि प्रश्न पडतो. इंजेक्शन धुरांतील प्राणवायु पाहून मिश्रण आपोआप सांवरतें. पण त्याला दर चौरस इंचास चाळीस ते साठ पौंड दाब लागतो. जुना पंप पांच ते सात पौंडच देतो. म्हणजे पंप, नळ्या व गाळणी हें सारेंच बदललें पाहिजे. केवळ जोरदार पंप जुन्या कार्बुरेटरला जोडणें हा घातक उपाय. त्यानें कार्बुरेटर ओसंडून वाहतो.

आतां प्लग. प्लगच्या चिनी मातीच्या नाकाचें तापमान सुमारें ४५० अंश सेंटिग्रेडच्या खालीं राहिलें, तर काजळी जळून जात नाहीं. ८५० च्या वर गेलें, तर तें नाकच निखारा होऊन मिश्रण अवेळीं पेटवितें. लांब नाकाचा प्लग उष्ण, आंखूड नाकाचा थंड. रोज सावकाश फिरणाऱ्या गाडीला मूळ प्रतीचा प्लग योग्य. शर्यतींत धांवणाऱ्या गाडीला एक पायरी थंड. मात्र अंकांनीं फसूं नये. अमेरिकेच्या एसी, ऑटोलाइट व चॅम्पियन यांच्या प्लगांत अंक वाढला कीं प्लग उष्ण होतो. जपानच्या एनजीके व डेन्सो यांच्यांत अंक वाढला कीं थंड. प्लगची लांबी व बसण्याची रीत जुळली नाहीं, तर दट्ट्या प्लगवर आपटण्याचीहि भीति असते.

जुन्या पॉइंटच्या प्रज्वलनाला सुमारें ०.०३५ इंच अंतर पुरतें. अधिक अंतर ओलांडण्याइतकी वीज त्या जुन्या कॉइलला नेहमींच पुरवितां येत नाहीं. प्रत्येक ठिणगी आसमंतांत रेडिओच्या लहरी फेंकते. त्यांनीं गाडींतील रेडिओ खरखरतो, आणि इंजेक्शनचा विद्युत्-मेंदूहि गोंधळतो. म्हणून इंजेक्शन असल्यास रोधक असलेलेच प्लग घ्यावे. इरिडियमचा महागडा प्लग अधिक टिकतो, पण चुकलेलें मिश्रण तो दुरुस्त करीत नाहीं.

वैद्य रोग्याची जीभ पाहतो, तसा जाणता कारागीर प्लग काढून पाहतो. नाक फिकट बदामी असलें कीं प्रकृति ठीक. काळी काजळी असल्यास पेट्रोल अधिक. पांढरें फटक असल्यास हवा अधिक किंवा ताप अधिक. पण जीभ खरवडून ज्वर उतरत नाहीं. म्हणून आधीं नळ्या, मग मिश्रण, मग ठिणगीची वेळ आणि शेवटीं प्लग, हाच क्रम ठेवावा. डोळ्यांना दिसणारें सारें जुनें राहूं द्यावें. ज्यांतून पेट्रोल वाहतें, तें आजचें असावें.