नफा झाला, मग पैसे कुठे गेले? – छोट्या व्यवसायाच्या हिशेबाची ओळख



आज आपण हिशेबाच्या अगदी पायाभूत गोष्टी बघणार आहोत. वाणिज्य शाखेतून शिकलेल्यांना यातलं बरंच माहीत असेल, त्यांनी ही उजळणी समजावी. पण आजचं बोलणं मुख्यतः ज्यांचं छोटं दुकान आहे, गृहउद्योग आहे, वर्कशॉप आहे, पोळीभाजी केंद्र आहे, त्यांच्यासाठी आहे. या मंडळींचा एक प्रश्न हमखास असतो: "धंदा तर बरा चाललाय, मग हातात पैसे का राहत नाहीत?" आज आपण या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करू. वाटेत ज्या संकल्पना लागतील त्या तिथल्या तिथे समजून घेऊ.

एक उदाहरण धरून चालू. उदाहरण काल्पनिक आहे, गणित सोपं जावं म्हणून आकडे गोल घेतले आहेत. एक ताई आहेत, घरगुती मसाले करतात. इतकी वर्षं शेजारपाजारी देत होत्या. यंदा एप्रिलपासून त्यांनी रीतसर उद्योग सुरू केला. स्वतःच्या साठवणीतले 1 लाख रुपये घातले आणि पतसंस्थेकडून 1 लाख कर्ज घेतलं. त्यातून 1 लाख 20 हजारांचं दळण्याचं यंत्र आणलं.

पहिली गोष्ट: घर वेगळं, धंदा वेगळा

हिशेबाच्या दृष्टीने ताई वेगळ्या आणि ताईंचा उद्योग वेगळा. ताईंनी 1 लाख घातले म्हणजे उद्योग ताईंचं 1 लाख देणं लागतो. याला आपण भांडवल म्हणतो. उद्या ताईंनी गल्ल्यातून मुलाच्या फीसाठी पैसे काढले, तर तो धंद्याचा खर्च नव्हे. ती उचल. भांडवलातून तेवढी रक्कम कमी होते.

हे ऐकायला सोपं आहे, पण आपल्यापैकी बहुतेकांचा हिशेब इथेच बिघडतो. एकाच खिशातून भाजीही येते आणि दुकानाचं वीजबिलही जातं. मग महिनाअखेरीला धंद्याने किती कमावलं आणि घराने किती खाल्लं, हे कोणालाच सांगता येत नाही. कायद्याने एकल मालकीत मालक आणि धंदा एकच असतो, धंद्याचं कर्ज फेडायला मालकच बांधील असतो, हे खरं. पण वहीत ते दोघं वेगळेच ठेवायचे. त्यासाठी धंद्याचं वेगळं बँक खातं काढणं ही सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी सुधारणा आहे.

दुसरी गोष्ट: प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू

ताईंनी यंत्र घेतलं. काय झालं? यंत्र आलं आणि रोकड गेली. दुकानदाराला उधारीवर माल दिला, तर विक्री झाली आणि दुकानदाराकडून येणं तयार झालं. कुठलाही व्यवहार घ्या, एक बाजू कधीच नसते. या दोन्ही बाजू लिहिणं म्हणजे द्विनोंदी पद्धत. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमध्ये ती रूढ होती आणि लुका पाचोली या गणितज्ञाने 1494 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात ती सविस्तर मांडली. त्याने ती शोधली नाही. चालू असलेली रीत नीट लिहून काढली.

आपल्याकडेही वह्यांची परंपरा जुनीच. रोजकीर्द हा शब्द पेशवे दफ्तरातल्या कागदांतही भेटतो. रोजचे व्यवहार तारीखवार लिहायचे ती कीर्द. तेच व्यवहार माणसानुसार, वस्तूनुसार, खर्चाच्या प्रकारानुसार वेगळे काढायचे ती खतावणी. आज मोबाईलवरच्या अॅपमध्ये आपण नोंद टाकतो तेव्हा आत हेच घडत असतं.

नावे आणि जमा या दोन शब्दांची मात्र लोकांना धास्ती वाटते. नियम तीनच आहेत. माणसाच्या खात्यात घेणारा नावे, देणारा जमा. वस्तूच्या खात्यात येईल ते नावे, जाईल ते जमा. खर्च-तोटे नावे, उत्पन्न-लाभ जमा.

(श्रोत्यांमधून प्रश्न: मग बँकेत पैसे भरले की पासबुकात 'जमा' का येतं? रोकड तर बँकेत आली ना?)

छान प्रश्न. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे, आपल्या वहीची नव्हे. बँकेच्या दृष्टीने आपण देणारे, म्हणून आपल्या खात्यावर जमा. आपल्या वहीत बँक घेणारी, म्हणून बँकेच्या नावे. कोणाच्या वहीतून बघतोय हे आधी ठरवलं की हा गोंधळ राहत नाही.

तिसरी गोष्ट: नफा म्हणजे गल्ला नव्हे

आता ताईंचा पहिला महिना बघू. 200 किलो मसाला होईल इतकी मिरची, धणे, खोबरं, खडा मसाला त्यांनी 60 हजारांना रोखीने घेतला. म्हणजे किलोमागे 300 रुपयांचा कच्चा माल. महिन्यात 150 किलो मसाला केला आणि 500 रुपये किलोने सगळा विकला. विक्री 75 हजार. त्यातले 25 हजार रोख आले. उरलेला 50 हजारांचा माल शहरातल्या एका मोठ्या दुकानाने उधारीवर घेतला. मदतनीस, वीज आणि पाकिटं मिळून 12 हजार गेले. कर्जाचं व्याज 1 हजार आणि मुद्दलापोटी 5 हजार भरले. घरखर्चाला 8 हजार उचलले.

आधी नफा काढू.

विक्री: 75,000
वापरलेला कच्चा माल: 45,000
मजुरी, वीज, पाकिटं: 12,000
व्याज: 1,000
यंत्राचा घसारा: 2,000
नफा: 15,000

इथे काही जण थांबवतील. माल 60 हजारांचा आणला होता, मग 45 हजारच का धरले? कारण 150 किलोसाठी तेवढाच लागला. उरलेला 15 हजारांचा माल डब्यात आहे, तो पुढच्या महिन्याचा. ज्या महिन्याची विक्री, त्याच महिन्यात त्या विक्रीचा खर्च धरायचा. मसाल्याच्या धंद्यात तर हे फारच महत्त्वाचं, कारण मिरची हंगामात भरून ठेवतात. हंगामाच्या महिन्यात सगळी खरेदी खर्च म्हणून लिहिली तर तो महिना उगाच तोट्यात दिसेल आणि पुढचे महिने उगाच फायद्यात.

यंत्राचंही तसंच. ते पाच वर्षं चालेल असं आपण धरलं. 1 लाख 20 हजारांचे 60 महिने, म्हणजे महिन्याला 2 हजार. याला घसारा म्हणतात. हे पैसे या महिन्यात कोणाला दिलेले नाहीत, पण यंत्र झिजतं आहे. हा खर्च धरला नाही तर पाच वर्षांनी नवं यंत्र घ्यायची वेळ येईल तेव्हा आपल्याला धक्का बसेल.

आणि मुद्दलाचे 5 हजार? ते नफ्याच्या हिशेबात नाहीत. कर्ज घेतलं तेव्हा ते उत्पन्न नव्हतं, म्हणून फेडलं तेव्हा तो खर्चही नाही. खर्च फक्त व्याज. जीएसटीची नोंदणी असेल तर आणखी एक लक्षात ठेवा: बिलात वसूल केलेला जीएसटी आपली विक्री नाही. ते सरकारचं देणं आहे.

आता रोकड बघू. यंत्र घेतल्यावर हातात 80 हजार होते. त्यातून कच्च्या मालाचे 60 गेले, 25 आले, मग 12, 1, 5 आणि 8 गेले. उरले 19 हजार.

नफा 15 हजार, आणि रोकड मात्र 61 हजारांनी कमी. दोन्ही आकडे बरोबर आहेत. फरक कुठे गेला तेही सापडतं: 50 हजार दुकानदाराकडे अडकले, 15 हजार डब्यात आहेत, 5 हजार कर्ज कमी करण्यात गेले, 8 हजार घरी गेले. ही झाली 78 हजारांची बेरीज. त्यातून घसाऱ्याचे 2 हजार वजा करा, कारण ते रोखीने गेलेच नव्हते. राहिले 76 हजार. नफ्याचे 15 आणि घटलेले 61 मिळून बरोबर 76.

ताळेबंद काय सांगतो

महिनाअखेरीला उद्योगाकडे काय आहे? रोकड 19 हजार, येणं 50 हजार, साठा 15 हजार, यंत्र 1 लाख 18 हजार. एकूण 2 लाख 2 हजार. उद्योग कोणाचं काय लागतो? पतसंस्थेचे 95 हजार. ताईंचं भांडवल 1 लाख, अधिक नफा 15, वजा उचल 8, म्हणजे 1 लाख 7 हजार. एकूण 2 लाख 2 हजार. दोन्ही बाजू जुळल्या. हाच ताळेबंद.

पण जुळला म्हणून निर्धास्त राहायचं का? पुढच्या महिन्यासाठी पुन्हा माल भरायचा आहे, हप्ता आहे, मजुरी आहे, आणि हातात 19 हजार. दुकानदार म्हणतो, "पुढच्या आठवड्यात बघू." आता ताई काय करतील? कुणाकडून तरी शेकडा चार-पाच टक्के महिन्याने पैसे उचलतील. नफ्यात चाललेले छोटे धंदे असेच अडचणीत येतात. माल चांगला असतो, गिऱ्हाईक असतं, फक्त पैसे वेळेवर परत येत नाहीत.

म्हणून उधारीची वही सगळ्यात जपायची. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. त्याला तुकोबांचं मन लागतं. आपण साधी माणसं, आपण कोणाकडे किती, कधीपासून आणि कधी देणार, हे लिहून ठेवू.

इथे कायदाही थोडा मदतीला येतो. 2006 च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघू उत्पादक व सेवा देणाऱ्यांचे पैसे खरेदीदाराने लेखी ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात, आणि ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी काही ठरलं नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं. यासाठी उद्यम नोंदणी माल देण्याआधी करून ठेवा. ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, कोणा एजंटला पैसे द्यायची गरज नाही. आणि बिलावर तारीख, मुदत, नोंदणी क्रमांक लिहा. तोंडी व्यवहाराचा पुरावा राहत नाही.

ताईंचा पगार कुठे आहे?

आता शेवटचा मुद्दा. हिशेबात मदतनिसाची मजुरी आहे, पण ताईंची नाही. एकल मालकीत मालकाने घेतलेले पैसे उचल धरतात, खर्च नाही, म्हणून वहीच्या नियमाने हे बरोबरच आहे. पण किंमत ठरवताना ही गोष्ट विसरली तर नुकसान होतं.

सगळा खर्च 60 हजार, माल 150 किलो. किलोला 400 रुपये पडले. 500 ला विकला, म्हणजे किलोमागे 100 सुटले. आता समजा, ताईंच्या जागी 400 रुपये रोजाने बाई लावली असती. 26 दिवसांचे 10 हजार 400. नफ्याच्या 15 हजारांतून ते काढले तर उरतात 4 हजार 600. धंद्याची खरी कमाई तेवढीच.

उद्या तो मोठा दुकानदार म्हणाला, "ताई, 450 ने द्या, माल जास्त उचलतो," तर वहीत अजूनही किलोला 50 रुपये नफा दिसेल. पण ताईंच्या श्रमाची किंमतच किलोला जवळजवळ 69 रुपये आहे. म्हणजे त्या भावात ताई रोजंदारीपेक्षा कमी पैशांत राबतील, वर कर्जाची जोखीमही त्यांचीच. माल खूपच वाढला तर गणित बदलू शकतं, पण ते आधी कागदावर मांडून बघायला हवं. घरातल्या बाईचे कष्ट फुकट धरायची आपल्याला सवय आहे, आणि ती सवय हिशेबाच्या वहीतही शिरते.

तर आजचा गृहपाठ. येत्या महिन्यात तीन गोष्टी करा. घराचं आणि धंद्याचं खातं वेगळं करा. रोज रात्री दहा मिनिटं कीर्द लिहा आणि गल्ला मोजून ताडून बघा. महिनाअखेरीला साठा मोजा, येणी-देणी लिहा आणि आज केला तसा नफा आणि रोकड, दोन्ही हिशेब काढा. पहिल्यांदा जुळणार नाही. चूक शोधा, सापडेल. कर सल्लागाराकडे वर्षातून एकदा जायचं ते जाच, पण आपला धंदा कसा चाललाय हे कळायला मार्चअखेरपर्यंत थांबू नका.

पुढच्या वेळी किंमत कशी ठरवायची आणि किती विक्रीला धंदा ना नफा ना तोटा या पातळीवर येतो, ते बघू. येताना आपापल्या वह्या घेऊन या.