अंदाज जिल्ह्याचा, वाळवण आपलं



उन्हाळा म्हणजे आपल्या गटांचा कमाईचा हंगाम. समजा, गटाने २० किलो गव्हाच्या कुरडयांची ऑर्डर घेतली. तीन दिवस गहू भिजवला, चीक काढला, पहाटे उठून शिजवला, गच्चीवर कुरडया घातल्या. दुपारी चारला आभाळ भरून आलं आणि गोळा करेपर्यंत निम्मं भिजलं. गहू गेला, गॅस गेला, मेहनत गेली. कर्जाचा हप्ता मात्र तारखेला भरायचाच! मग आपण म्हणतो, "हवामानवाल्यांनी सांगितलंच नव्हतं." पुष्कळदा सांगितलेलं असतं, पण ते अख्ख्या पुणे जिल्ह्यासाठी असतं. त्यातून वाघोलीपुरतं काय घ्यायचं, ते आज बघू.

पाऊस कुठे?

आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीचा घाटमाथा आहे. पावसाळी ढग डोंगराला अडतात, वर चढतात, गार होतात आणि तिथेच रिकामे होतात. म्हणून लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर पुण्यात सुमारे ७०० मिलिमीटर. त्यामुळे जुलैमध्ये "पुण्याला रेड अलर्ट" ऐकलं की पुढचे शब्दही ऐका. "घाटमाथ्यावर" असं म्हटलं असेल, तर तेवढा पाऊस वाघोलीत पडेलच असं नाही. पण धरणांतून पाणी सोडलं तर मुळा-मुठेला पूर येतो. नदीकाठी शेत किंवा गोठा असेल, तर आपल्याकडे ऊन असलं तरी सावध राहा.

"तुरळक ठिकाणी पाऊस" म्हणजे थोडा पाऊस नव्हे! तो थोड्या जागी पडेल, एवढाच त्याचा अर्थ. ज्या जागी पडेल तिथे धो धो पडू शकतो.

पाऊस किती?

हवामान खाते २४ तासांचा पाऊस मिलिमीटरमध्ये मोजते. १५ मिलिमीटरपर्यंत हलका, तिथून ६४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. दहा बाय दहाच्या पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर ९० लिटरच्या वर पाणी मिळतं.

रंगही लक्षात ठेवा. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. केशरी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे लगेच हालचाल करा.

पाऊस कसला?

जून ते सप्टेंबरचा पाऊस मोसमी वाऱ्यांचा. कधी भुरभुर, कधी संततधार. त्याची चाहूल बहुधा आधी लागते. मार्च ते मेमधला वळीव वेगळा. सकाळी कडक ऊन, जमीन तापते, गरम दमट हवा झपाट्याने वर जाते आणि दुपारनंतर काळे उंच ढग उभे राहतात. वारा, विजा आणि तासाभरात खेळ खलास. म्हणून सकाळच्या उन्हावर वाळवणाचा हिशेब बांधू नका.

याच उंच ढगांत गारा तयार होतात. पाण्याचे थेंब जोरदार वाऱ्याने वर ढकलले जातात, गोठतात, त्यांच्यावर बर्फाचे थर चढतात आणि वजन पेलेनासं झालं की खाली कोसळतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीने गहू, हरभरा, द्राक्षं, डाळिंबं झोडपून काढली होती.

मग करायचं काय?

पहिलं, गहू भिजत घालण्याआधी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज बघा. एकदा गहू भिजला की मागे फिरता येत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी "मेघगर्जनेसह पाऊस" लिहिलं असेल, तर बेत दोन दिवस पुढे ढकला आणि गिऱ्हाइकाला तसं आधीच कळवा. मोबाईलवर हवामान खात्याचं 'मौसम' आणि शेतीसाठी 'मेघदूत' ही ॲप मोफत आहेत.

दुसरं, वाळवण घातलं त्या दिवशी दुपारी पुन्हा अंदाज बघा. हवामान खाते पुढच्या तीन तासांचाही इशारा देते. पाच दिवसांच्या अंदाजापेक्षा तो जास्त नेमका असतो.

तिसरं, विजेचं. 'दामिनी' हे ॲप आपल्या पुण्यातल्याच उष्णदेशीय हवामान संस्थेने केलं आहे. जवळपास वीज पडण्याचा धोका असेल, तर ते सांगतं. गडगडाट ऐकू आला की गच्ची आणि शेत सोडा, पक्क्या घरात या. झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. कुरडया पुन्हा करता येतील, ताई.

नक्षत्रांचा अनुभव आपल्या सासूबाईंनी, आजींनी जपला. तो जरूर ऐका. पण मृग दरवर्षी त्याच सुमारास लागतो, पाऊस मात्र मागेपुढे होतो. म्हणून जोडीला रोजचा अंदाजही हवा.

येत्या बैठकीत एवढं करा. एका ताईकडे अंदाज बघायचं काम द्या. तिने रोज सकाळी गटाच्या व्हॉट्सॲपवर तीनच गोष्टी टाकायच्या: कुठे, किती, कधी. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांना शेजारणीने हाक मारून सांगायचं. दर महिन्याला काम दुसरीकडे द्या, म्हणजे सगळ्याच शिकतील.