मूठ वळेपर्यंत

१८१४ साली कोपराखालच्या हाताबद्दल युरोपात दोन महत्त्वाच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. कोपर ते मनगट जाणाऱ्या दोन हाडांपैकी अल्ना मोडते आणि त्याच वेळी दुसऱ्याचं, म्हणजे रेडिअसचं, डोकं कोपराशी निखळतं, ही दुखापत मिलानच्या जोव्हान्नी मोंतेज्जा यांनी सांगितली. मनगटालगत रेडिअस कशी मोडते, हे डब्लिनच्या अब्राहम कोलेस यांनी एडिंबरोच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. क्ष-किरण यायला अजून ८१ वर्षं होती. दोघांकडे होती ती फक्त बोटं.

कोलेस यांची नोंद मी शिकवताना अजूनही मुलांना समजावून सांगतो. तळहात टेकून पडलं की मनगट पालथ्या ठेवलेल्या काट्यासारखं वाकडं होतं. त्या काळी बहुतेक डॉक्टर त्याला सांधा निखळणं म्हणत. कोलेस यांनी हात धरून ओढला, तर बाक गेला. सोडला, तर परत आला. निखळलेला सांधा एकदा जागेवर बसला की बसून राहतो. म्हणजे इथे हाड मोडलेलं होतं. सांध्याच्या सुमारे दीड इंच वर, असं त्यांनी बोटाने चाचपून सांगितलं. ल्यों शहरातल्या क्लॉद पूतो यांनी हेच आधी ओळखलं होतं आणि १७८३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ते छापूनही आलं होतं. पण तिकडे फारसं कुणी लक्ष दिलं नव्हतं. कोलेस यांनी आणखी एक गोष्ट लिहिली: उपचार झाले नाहीत तरी खूप दिवसांनी हात दुखायचा थांबतो, हलू लागतो, बाक मात्र जन्मभर राहतो. या वाक्यावरून पुढे दोनशे वर्षं वाद चालला.

८ नोव्हेंबर १८९५ला वुर्झबुर्गमध्ये राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं. बोटांची हाडं आणि त्यातल्या एकावर अंगठी. पुढच्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात, बर्फावर घसरून मनगट मोडलेल्या मुलाचा हात वीस मिनिटं यंत्रासमोर ठेवून मोड काचेवर उतरवली गेली. बोटांनी जे ताडायचं, ते आता डोळ्यांना दिसू लागलं.

पण डोळ्यांना सगळं दिसत नाही, हे स्कॅफॉइडने शिकवलं. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी दोन दोऱ्यांमध्ये खळगा पडतो. पूर्वी लोक तपकिरीची चिमूट तिथे ठेवून ओढत, म्हणून इंग्रजीत त्याला तपकिरीच्या डबीचं नाव आहे. त्या खळग्याच्या तळाशी हे काजूएवढं हाड. मोटारसायकलवरून पडलेला तरुण येतो, एक्स-रे स्वच्छ असतो, आणि पेशंट ‘लचकलंय’ म्हणून घरी जातो. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकातून शिरून उलटं मागे जातं. मधोमध मोडलं की मागच्या तुकड्याचा पुरवठा तुटू शकतो आणि तो मरतो. म्हणून खळग्यात दाबल्यावर दुखलं, तर एक्स-रे काहीही म्हणो, हात बांधून ठेवायचा आणि दहा-चौदा दिवसांनी परत फोटो काढायचा. सीटी, एमआरआय आले तरी सुरुवात त्या एका बोटानेच होते.

मोड कळणं एक आणि ती धरून ठेवणं दुसरं. सुश्रुतसंहितेत त्यासाठी वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबूच्या कामट्या सांगितल्या आहेत. मला साली-कामट्यांपेक्षा त्यातलं वेळापत्रक मोलाचं वाटतं: थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी पट्टी सोडून पुन्हा बांधायची. सैल असेल तर हाड हलतं, आवळली तर सूज आणि वेदना. १८८१ मध्ये जर्मनीच्या फोल्कमान यांनी आवळून बांधलेल्या हाताचं पुढे काय होतं ते मांडलं: स्नायूंचं रक्त तुटतं, ते वाळून आखडतात आणि बोटं पक्ष्याच्या नख्यांसारखी वळून बसतात. हाडवैद्याकडून कामट्या आवळून आलेली काळी-निळी बोटं मी पाहिली आहेत, आणि दवाखान्यात घातलेल्या घट्ट प्लास्टरखालचीही. आधी कच्चं प्लास्टर, सूज उतरल्यावर पक्कं, हा क्रम याच भीतीतून आला. बांधलेल्या हाताची बोटं सरळ करताना जीव जाईल असं दुखत असेल, तर प्लास्टर त्या क्षणी चिरायचं. सकाळची वाट पाहायची नाही.

प्लास्टर आलं ते डच लष्करी डॉक्टर अन्टोनिउस माथायसेन यांच्यामुळे, १८५१-५२ मध्ये. कोरड्या पट्टीत चोळलेली पूड, पाण्यात बुडवली की काही मिनिटांत दगड. बसवताना एकाने कोपराशी धरायचं, दुसऱ्याने अंगठा आणि बोटं धरून ओढायचं, आणि पट्टी तळहाताने चोळत घट्ट होईपर्यंत धरून राहायचं. ती हाताखाली गरम होते, मग गार पडते.

मग धातू आला. स्वित्झर्लंडमध्ये १९५८ साली मॉरिस म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एओ गट स्थापला आणि प्लेट-स्क्रूचं शास्त्र नीट बसवलं. प्रौढ माणसाच्या कोपर-मनगटामधली दोन्ही हाडं मोडली तर प्लेटला खरोखर पर्याय नाही. रेडिअस थोडी बाकदार असते आणि अल्नाभोवती फिरते. तो बाक बिघडला की तळहात वर वळत नाही. ओंजळ होत नाही, देवळात तीर्थ घेता येत नाही.

मनगटाचं मात्र तसं नाही. या शतकात तळहाताच्या बाजूने लॉकिंग प्लेट टाकायची लाट आली. फोटो सुंदर येतात, प्लेट घातल्यावर हात लवकर मोकळाही होतो. पण २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या ४६१ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली: बाहेरून ओढून बसवता येणाऱ्या मोडीत हाडातून घातलेल्या साध्या तारा आणि प्लेट यांत वर्षाअखेर रुग्णाला फरक जाणवला नाही. २०२२ मध्ये तारा आणि नुसतं प्लास्टर यांची ५०० जणांत तुलना झाली. पहिल्या सहा आठवड्यांत प्लास्टरवाल्यांपैकी सुमारे १३ टक्क्यांना शस्त्रक्रिया लागली, तरीही वर्षाअखेर दोन्ही गटांचे हात सारखेच चालत होते. कोलेस यांचं जुनं म्हणणं इतकं सरळ नाही, पण फोटो आणि हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना दिसलं होतं.

मला ते मावशीमुळे कळलं. मी तेव्हा शिकत होतो. न्हाणीच्या दारात ती घसरली, शहरातल्या एका दवाखान्यात सहा आठवडे प्लास्टर झालं, हाड छान जुळलं. तिने हात गळ्यात अडकवून जपला होता. बोटं हलवत राहा, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. प्लास्टरही पेराच्या रेषेपुढे आलेलं. निघालं तेव्हा हात चकचकीत सुजलेला, बोटं लाकडासारखी. एक्स-रे माझ्यापुढे धरून ती म्हणाली, “हे बघ, जुळलंय म्हणतात. मग मूठ का वळत नाही रे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला अजून त्याचा राग आहे. सांगायला एक मिनिट लागलं असतं.

हाताच्या मोडीसाठी सुश्रुतांनी एक साधी गोष्ट सांगितली आहे: आधी हातात शेणामातीचा मऊ गोळा धरायचा, बळ आलं की दगड. आमच्याकडे फिजिओथेरपिस्ट बाईंनी कणकेचा गोळा दिला. गरम पाण्यात हात बुडवून मावशी तो सकाळ-संध्याकाळ दाबायची. बोटांचे ठसे आधी जेमतेम उमटत, मग खोल. पाचव्या महिन्यात तिने परातीत भाकरी थापली. एका बाजूला जाड होती. तिने ती तशीच तव्यावर टाकली आणि पुढचा गोळा घेतला.